शेवटी ‘आ’ आला म्हणजे मुलीचं नाव, असं खरंच असतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याने नावावरून बाई की पुरुष ते ओळखणारा छोटा प्रोग्राम लिहिलाय, तो रोमन लिपीतल्या नावाचं फक्त शेवटचं अक्षर बघतो. इंग्लिश नावांवर बरा चालतो, पण भारतीय, रशियन, जपानी नावं दिली की गडबडतो. त्यावरून त्याला मोठा प्रश्न पडलाय की आवाजातच मुळात काही बायकी-पुरुषी असतं का, सगळ्या भाषांत सारखं, की हा नुसता सवयीचा भाग आहे.

मी बरीच वर्षं उच्चारकोशांचं काम करतेय, म्हणजे कॉम्प्युटरने नाव वाचून दाखवायचं तर ते कसं म्हणायचं हे एकेका नावासाठी लिहून ठेवायचं. त्यामुळे नावांच्या याद्यांमध्येच दिवस जातो. माझं मत आधीच सांगून टाकते: आवाजाचा स्वतःचा कल असतो, पण तो फार हलका असतो. खरं वजन त्या भाषेच्या व्याकरणाचं आणि इतिहासाचं असतं, आणि आपला कान लहानपणापासून आपल्या भाषेतली नावं ऐकून ऐकून तयार झालेला असतो. म्हणून आपल्याला वाटतं की ‘आ’ हा स्वरच नाजूक आहे. तसं नाहीये.

आधी इंग्लिश घेऊ, कारण तुमचा प्रोग्राम तिथे का चालतो ते कळलं की बाकीचं सोपं जातं. १९९० साली भाषेच्या अभ्यासक अ‍ॅन कटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लिश नावांचा व्यवस्थित अभ्यास केला. बायकांची नावं सरासरीने लांब असतात, सिलेबल म्हणजे उच्चाराचे तुकडे जास्त असतात. पहिल्या सिलेबलवर जोर नसणं हे जवळजवळ बायकांच्याच नावांत दिसतं, इलिझाबेथ, डायाना, रिबेका, पट्रिशा म्हणून बघा, जोर दुसरीकडे पडतो, आणि पीटर, रॉबर्ट, डेव्हिड म्हणा, जोर पहिल्यावरच. जोर पडलेल्या सिलेबलमध्ये ‘ई’ असणं बायकांकडे जास्त. शेवट स्वराने होणं बायकांकडे जास्त. आणि जॉन, मार्क, जॅकसारखी एका झटक्यात संपणारी नावं पुरुषांकडे जास्त. म्हणजे शेवटचं अक्षर ही चार-पाच खुणांपैकी एकच खूण आहे, तुम्ही तेवढीच घेतलीत.

आणि इथे एक सापळा आहे. तुम्ही बहुतेक एनएलटीके या भाषेवर काम करायच्या पायथन संचाबरोबर मिळणारी इंग्लिश नावांची यादी वापरली असणार, शिकताना सगळे तीच वापरतात. तिच्यात ५,००१ नावं बायकांची आणि २,९४३ पुरुषांची आहेत. म्हणजे प्रोग्रामने काहीही न बघता प्रत्येक वेळी ‘बाई’ म्हटलं तरी ६३ टक्के बरोबर येणार. शेवटचं अक्षर बघून साधारण तीन चतुर्थांश नावं बरोबर येतात, म्हणजे त्या अक्षराने तुम्हाला जे दिलं ते फक्त मधलं अंतर. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की मग इंग्लिशमध्येही तो ‘चालतो’ म्हणताना जरा हात आखडतो.

आता आवाजाच्या स्वतःच्या कलाबद्दल. गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि लांबवून ‘झऽऽ’ म्हणा, मग ‘सऽऽ’ म्हणा. पहिल्याला बोटांखाली थरथर जाणवते, दुसऱ्याला नाही. आपल्याकडे याला घोष आणि अघोष म्हणतात. २०१६ मध्ये स्लेपियन आणि गॅलिन्स्की यांनी अमेरिकेतल्या ७५ वर्षांतल्या २७ कोटी लोकांची नावं घेऊन दाखवलं की नावाचा पहिला आवाज घोष असेल तर ते मुलाचं असण्याकडे कल असतो, अघोष असेल तर मुलीचं. त्यांनी भारतातली नावंही तपासली होती.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठले होते, कारण हेच पारस्कर गृह्यसूत्रात, म्हणजे घरातल्या संस्कारांचे नियम सांगणाऱ्या जुन्या संस्कृत ग्रंथात आहे. तिथे मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी असावं, घोष वर्णाने सुरू व्हावं, मध्ये अंतस्थ म्हणजे य-र-ल-व पैकी काहीतरी यावं असं सांगितलंय, आणि मुलीचं नाव विषम अक्षरांचं आणि आकारान्त असावं असं. पतंजलीच्या महाभाष्यातही, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या ग्रंथात, अगदी सुरुवातीच्या भागात मुलाच्या नावासाठी जवळजवळ याच शब्दांत नियम येतो, व्याकरण का शिकायचं याचं एक कारण म्हणून, कारण घोष आणि अंतस्थ काय ते माहीत नसेल तर असं नाव ठेवणार कसं. म्हणजे नावाचा आवाज आणि बाई-पुरुष यांचा संबंध कोणीतरी ध्वनिशास्त्राच्या भाषेत इतक्या जुन्या काळी मांडून ठेवलाय. मला याचं फार अप्रूप वाटतं.

पण अप्रूप बाजूला ठेवून तपासायला पाहिजे. भरत, देव, गणेश घोषाने सुरू होतात ठीक, पण कृष्ण, शंकर, प्रकाश, सुरेश हे सगळे अघोषाने सुरू होतात. यशोदा, सुभद्रा तीन अक्षरी झाल्या, पण सीता, राधा, उमा, गंगा दोन अक्षरीच. म्हणजे नियम सांगणारे सांगून गेले, नावं ठेवणारे आपल्या मनाने ठेवत राहिले. राहिला फक्त आकारान्त हा भाग, आणि तोही सूत्रात आहे म्हणून राहिलेला नाही, संस्कृतच्या व्याकरणात आकारान्त नाम बहुतेक स्त्रीलिंगी असतं म्हणून राहिला.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. २०१५ साली सिद्धू आणि पेक्समन यांनी गोल आकार आणि टोकेरी आकार दाखवून नावांच्या जोड्या लावायला सांगितल्या. मॉली, बॉब असली नावं लोक गोल आकाराला लावतात, कर्क, केट असली टोकेरी आकाराला, आणि बायकांच्या नावांत ते गोल वाटणारे आवाज जास्त भरतात. गोल वाटणारे म्हणजे म, न, ल वगैरे. पण म, न, ल तर घोष आहेत! मग मीना, माया, नीला, लता यांचं काय करायचं? एक निष्कर्ष म्हणतो घोष आवाज मुलाकडे झुकतो, दुसरा म्हणतो म-न-ल मुलीकडे झुकतात. दोन्ही आपापल्या डेटावर बरोबर असू शकतात, कारण एक फक्त पहिल्या आवाजाबद्दल बोलतोय आणि दुसरा सगळ्या नावाबद्दल. पण एवढ्यावर ‘आवाजातच लिंग असतं’ असं म्हणायची माझी तयारी नाही.

‘ई’चंही तसंच. ‘ई’ म्हणताना जीभ पुढे आणि वर जाते, तोंडाची पोकळी लहान होते, आवाज बारीक वाटतो, म्हणून ‘ई’ म्हणजे लहान आणि ‘आ’ म्हणजे मोठं असं लोकांना वाटतं, एडवर्ड सॅपिर या भाषाशास्त्रज्ञाने १९२९ मध्येच ‘मिल’ आणि ‘माल’ असे अर्थ नसलेले शब्द देऊन हे दाखवलं होतं. २०१३ च्या एका अभ्यासात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या नावांवर हे लावून बघितलं तर एमिलीसारखी बारीक स्वराची नावं मुलींकडे आणि थॉमससारखी मोठ्या स्वराची मुलांकडे जास्त निघाली. ठीक आहे. आता जपानीत या. हिरोकी, ताकाशी, केन्जी. तिन्ही ‘ई’ने संपतात आणि तिन्ही पुरुष. आणि आपल्याकडे रवी, हरी, मुरारी आहेतच की.

आता मराठीच घेऊ, कारण ज्या नावांवर प्रोग्राम अडखळतोय त्यातली गंमत मराठीत फार जवळून दिसते. मराठीत दोन वेगवेगळे ‘आ’ आहेत. एक संस्कृतातून सरळ आलेला: लता, शोभा, सुनीता. हा स्त्रीलिंगी. दुसरा आपल्या घरचा: घोडा, मुलगा, काका, मामा. हा पुल्लिंगी, आणि त्याची जोडीदार ‘ई’: घोडी, मुलगी, मामी. घोडा हा शब्द घोटक वरून आला, तो ‘क’ झिजून गेला आणि मागे ‘आ’ उरला, तसंच घोटिका वरून घोडी. म्हणजे लतामधला ‘आ’ आणि घोड्यातला ‘आ’ कानाला एकच, पण घराणी वेगळी. एकाच तोंडात एकच स्वर दोन उलट कामं करतोय आणि आपला कधी गोंधळ होत नाही.

नावांत हे कसं दिसतं बघा. कागदावरची नावं संस्कृत पद्धतीने चालतात, हाक मारायची नावं घरच्या पद्धतीने. प्रकाशचा पक्या, गणेशचा गण्या, दिलीपचा दिल्या, आणि मुलींना सुमी, मंगी, शोभी. म्हणजे शोभा ‘आ’ने संपते तेव्हा मुलगी आहेच, पण हाक मारताना तिचा ‘आ’ जाऊन ‘ई’ येते, आणि प्रकाशला नसलेला ‘आ’ हाकेत चिकटतो. आणि राजू, बाळू, नीलू, मंजू यांत ‘ऊ’ आला की काहीच सांगता येत नाही.

आता माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. रमेशला मित्र हाक मारतात ‘रम्या’. आणि एका मुलीचं नाव आहे ‘रम्या’. लिहून बघा, एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. पण मोठ्याने म्हणा. मुलीच्या नावात ‘र’वर आघात येतो, म जवळजवळ दुप्पट होतो, रम्‌-म्या. मित्राला हाक मारताना ‘र’ हलका राहतो, र-म्या, पटकन. पुणे शहराच्या ‘पुण्याचा’ आणि पाप-पुण्यातल्या ‘पुण्याचा’ यांत जो फरक आहे ना, तोच. दिव्याला तेल घाल आणि दिव्याला हाक मार, यातही तोच. संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं जोडाक्षर आधीच्या अक्षराला जड करतं, आपल्या घरी तयार झालेलं ‘य’वालं रूप करत नाही. म्हणजे इथे बाई की पुरुष हे शेवटच्या आवाजाने ठरतच नाहीये, त्याच्या आधीच्या अक्षराच्या वजनाने ठरतंय! आणि हे वजन देवनागरीतही उमटत नाही, मग रोमनमध्ये काय उमटणार.

रोमनचा त्रास आणखी एका जागी होतो. राम, कृष्ण, शिव ही नावं आपण म्हणताना शेवटचा ‘अ’ गिळतो किंवा अगदी हलका ठेवतो, पण रोमनमध्ये तो ‘ए’ अक्षर होऊन शेवटी जाऊन बसतो आणि तुमचा प्रोग्राम लगेच ‘बाई’ म्हणून मोकळा होतो. संस्कृतात ऱ्हस्व ‘अ’ पुल्लिंगी आणि दीर्घ ‘आ’ स्त्रीलिंगी, म्हणजे फरक स्वराच्या लांबीत होता. मराठीत तो स्वर असणं-नसणं असा झाला आणि रोमनमध्ये फरकच पुसला गेला. मराठीत पुरुषाचंही नाव कृष्णा असं आकारान्त म्हणतात ते वेगळंच.

व्यंजनाने संपणाऱ्या बायकांच्या नावांबद्दल एक निरीक्षण सांगते, माझं स्वतःचं आहे. शीतल, कोमल, मृणाल, मीनल, काजल, सुमन, किरण, पूनम, नीलम, कुसुम. सगळी ल, न, ण, म वर संपतात. क, ट, त, प वर संपणारं बाईचं नाव आठवून बघा, वेळ लागेल. विवेक, अशोक, अमित, संदीप अशी पुरुषांची मात्र ढीगभर. म्हणजे गोल आवाजांचा तो हलका कल इथे दिसतो असं म्हणता येईल, पण कुसुम, कमल, सुमन हे संस्कृतात फुलांसाठीचे नपुंसकलिंगी शब्द, ते शब्द म्हणून आधीच तसे होते, आवाज ऐकून कोणी निवडले नव्हते. कल आणि इतिहास एकमेकांत इतके गुंतलेत की सोडवता येत नाहीत.

जगभर ‘आ’ स्त्रीलिंगीच का दिसतो याचंही उत्तर इतिहासातच जास्त आहे. संस्कृत, लॅटिन, ग्रीक, रशियन ही भावंडं आहेत. त्यांच्यात सारखं दिसलं तर ते चार पुरावे धरायचे नसतात, एकच धरायचा. अरबी-हिब्रूचा स्त्रीलिंगी ‘आ’ वेगळ्या घराण्यातून आलाय, तो दुसरा. मग मारिया, अ‍ॅना अशी नावं धर्माबरोबर सगळीकडे पोचली आणि पाहणाऱ्याला वाटलं की सगळं जग एकसारखं विचार करतंय. ज्या भाषांत व्याकरणात लिंगच नाही तिथे जा. फिनिशमध्ये पेक्का, युक्का, मिका हे पुरुष. हंगेरियनमध्ये आत्तिला पुरुष, बेला पुरुष, संगीतकार बेला बार्तोक तर माहीतच असेल. आणि मिका जपानीत मुलगी आहे. अरबीतही हमजा, तल्हा, उसामा यांच्या शेवटी स्त्रीलिंगाची खूण असून ते पुरुष, आणि जैनब, मरियम, हिंद यांच्याकडे ती खूण नसून त्या बायका. स्पॅनिशमध्ये रोसारिओ, कोन्सुएलो या ‘ओ’ने संपणाऱ्या बायका, कारण ती येशूच्या आईच्या, मेरीच्या बिरुदांवरून आलेली नावं आहेत.

जपानीत ‘को’ने संपलं की बाई हे आज पक्कं वाटतं, आकिको, हिरोको. पण इ.स. ६०७ मध्ये जपानच्या दरबाराने चीनला पाठवलेला दूत होता ओनो नो इमोको, आणि तो पुरुष होता. तेच अक्षर, तोच आवाज, काळ बदलला आणि बाजू बदलली. इंग्लिशमध्ये हे आपल्या डोळ्यांसमोर झालंय, अ‍ॅश्ली, शर्ली, एव्हलिन ही आधी पुरुषांची होती. उलट बाजूने नोआ बघा, स्वराने संपतं, शेवटी तोच सैल ‘अ’ जो इंग्लिशमध्ये बायकी म्हणून ओळखला जातो, आणि २०१३ ते २०१६ सलग चार वर्षं अमेरिकेत मुलांच्या नावांत पहिला.

आणि शेवटचंच अक्षर का बघायचं? घानामधल्या अकान लोकांची वारांवरची नावं बघा: शनिवारी जन्मलेला क्वामे, शनिवारची आमा. रविवारचा क्वासी, रविवारची अकोसुआ. शुक्रवारचा कोफी, शुक्रवारची आफुआ. फरक डोळ्यात भरतो तो सुरुवातीला, पुरुषाला ‘क’, बाईला ‘अ’.

नाव एका भाषेतून दुसरीत गेलं की कधी कधी ती भाषा ते दुरुस्त करून घेते. हिब्रूतले योना आणि येहुदा ग्रीकमध्ये गेले तेव्हा ग्रीकने मागे ‘स’ लावला, योनास, युदास, कारण पुरुषाचं नाव नुसत्या ‘आ’ने संपलेलं त्यांच्या व्याकरणात नीट बसत नव्हतं. ग्रीक आंद्रेआस इटालियनमध्ये आला तेव्हा उलट तो ‘स’ गेला आणि आंद्रेआ राहिला, इटलीत तो पुरुष, आणि तेच नाव जर्मनीत, स्पेनमध्ये बाईचं. निकिता हे रशियात पुरुषाचं, ग्रीक अनिकेतोस म्हणजे ‘अजिंक्य’ वरून आलेलं, आणि आपल्याकडे मुलीचं. एका कामात एका रशियन गृहस्थांच्या नावामागे ‘श्रीमती’ छापून गेलं होतं ते याचमुळे, यादी मीच तपासली होती आणि माझ्या कानाला काहीच खटकलं नाही. तेव्हापासून मी कुठल्या भाषेतलं नाव आहे हे कळल्याशिवाय लिंगाचा रकाना भरत नाही.

कायद्यालाही यात पडावं लागलंय. जर्मनीत एका जोडप्याला मुलीचं नाव ‘किरण’ ठेवायचं होतं, नोंदणी कचेरी म्हणाली यावरून मुलगी आहे हे कळत नाही, सोबत मुलीचं ओळखू येणारं दुसरं नाव जोडा. ५ डिसेंबर २००८ ला तिथल्या संविधान न्यायालयाने आईवडिलांच्या बाजूने निकाल दिला. आइसलँडमध्ये ‘ब्लाइर’ म्हणजे वाऱ्याची झुळूक, शब्द पुल्लिंगी म्हणून मुलीला तो देऊ देत नव्हते, २०१३ मध्ये कोर्टाने परवानगी दिली आणि २०१९ च्या कायद्याने नावांची बायकी-पुरुषी वाटणीच काढून टाकली. दोन्हीकडे भांडण आवाजावरून नव्हतं, व्याकरण आणि रूढी यांवरून होतं.

तरी आवाजाला शून्य मार्क देऊ नका. १९९५ मध्ये लीबरसन आणि मिकेल्सन यांनी अमेरिकेतल्या आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबांनी नव्याने बनवलेली, आधी कोणी न ऐकलेली नावं लोकांना दाखवून मुलगा की मुलगी विचारलं, तर बहुतेक वेळा अंदाज बरोबर आले. कारण बनवणारा आणि ऐकणारा एकाच भाषेत वाढलेत, दोघांच्या कानात त्याच खुणा आहेत. तुमच्या प्रोग्रामला नेमकं हेच शिकवायचंय, एका भाषेचा कान. सगळ्या जगाचा एक कान मिळणार नाही.

म्हणून करायचं ते असं. आधी भाषा ओळखा किंवा विचारा, प्रत्येक भाषेचं मॉडेल वेगळं ठेवा. भारतीय नावं रोमनमध्ये घेऊच नका, देवनागरीत घ्या, निदान अ आणि आ वेगळे राहतील. एका अक्षराऐवजी शेवटची दोन सिलेबल, पहिला आवाज आणि लांबी एवढं द्या. बाई आणि पुरुष यांच्याबरोबर ‘सांगता येत नाही’ हे तिसरं उत्तर ठेवा आणि ते यायला लागलं तर घाबरून काढून टाकू नका. आणि फॉर्म भरून घेत असाल तर हे सगळं राहू द्या, सरळ माणसालाच विचारा, एक रकाना लागतो.

झालं की या नावांवर चालवून बघा: किरण, सुमन, रवी, कृष्णा, निकिता, आंद्रेआ, मिका, बेला, हमजा, साशा, राजू, रम्या. साशा रशियनमध्ये अलेक्सांद्रचंही लाडकं नाव आहे आणि अलेक्सांद्राचंही, तेव्हा तिथे ‘सांगता येत नाही’ यायलाच पाहिजे. काय काय उत्तरं येतात ते कळवा, विशेषतः रम्याचं.